आधी दगड, मग सुरी : जपानी सुरी निवडताना आणि वापरताना

जपानी सुरी घ्यायची आहे, कोणती घेऊ, असे कोणी विचारले की मी उलट एकच प्रश्न विचारते: घरात धार लावायचा दगड आहे का? बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी येते, आणि मग सुरीचा विषय थोडा बाजूला ठेवून मी दगडाबद्दल बोलू लागते. ऐकणाऱ्याला हा हट्ट वाटतो, पण त्यामागे कारण आहे. जपानी सुरीची सारी किंमत तिच्या धारेत असते, आणि रोजचा स्वयंपाक होणाऱ्या घरात दुकानातून आलेली धार काही महिन्यांतच उतरते. त्यानंतर ज्याच्या घरी दगड नाही त्याच्या हातात उरते ती एक महाग, बोथट आणि चटकन दाते पडणारी सुरी. म्हणून या खरेदीसाठी जेवढे पैसे बाजूला काढले असतील त्यातला चौथा हिस्सा दगडासाठी आणि भाजी चिरायच्या चांगल्या पाटासाठी राखून ठेवावा आणि उरलेल्या रकमेत बसेल ती सुरी घ्यावी, हा माझा पहिला आणि सर्वांत ठाम सल्ला आहे.

पोलाद आणि त्याचे पाणी

या सुऱ्या इतक्या सहज का कापतात, हे आधी समजून घेतले तर पुढची निवड सोपी जाते. पोलादाचा कठीणपणा रॉकवेल सी या मापाने मोजतात. युरोपीय घरगुती सुऱ्या या मापावर साधारण ५६ ते ५८ च्या दरम्यान असतात, तर जपानी सुऱ्या ६० ते ६५ पर्यंत जातात. पोलाद जितके कठीण तितकी त्याची धार पातळ ठेवता येते, कारण पातळ असूनही ती दाबाखाली वळत नाही. त्यामुळे जपानी सुरीला दोन्ही बाजूंनी १५ अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी कोनात धार लावता येते. पण कठीण ते ठिसूळही असते. पाणी, म्हणजे तापवून एकदम थंड केल्याने येणारा कठीणपणा, जास्त चढले तर पाते मोडते आणि कमी पडले तर धार वळते, हे आपल्याकडच्या लोहारालाही पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जपानी कारागिरांनी या अडचणीवर शोधलेला उपाय असा, की धारेपुरते कठीण पोलाद ठेवायचे आणि त्याला मऊ लोखंडाची किंवा मऊ पोलादाची साथ द्यायची. दोन्ही बाजूंनी धार असलेल्या सुरीत कठीण पोलादाचा गाभा दोन मऊ थरांच्या मध्ये बसवलेला असतो, तर एकाच बाजूने धार असलेल्या सुरीत मऊ लोखंडाच्या पाठीमागे कठीण पोलादाचा एक थर जोडलेला असतो. सबंध पाते एकाच कठीण पोलादाचे घडवून फक्त धारेच्या भागाला पाणी देण्याची पद्धतही आहे. तिला होन्याकी म्हणतात. अशी सुरी घडवताना भेगा जाऊन वाया जाणारी पाती बरीच असतात, म्हणून ती फार महाग पडते, आणि घरगुती वापरासाठी तिची मुळीच गरज नसते.

या पोलादाविषयी एक गैरसमज जाहिरातींनी पसरवला आहे. सामुराई तलवारीचेच पोलाद सुरीत वापरले आहे, असे सांगितले जाते. तलवारीसाठी लागणारे तामाहागाने हे पोलाद शिमाने प्रांतात वाळूतील लोहकणांपासून, कोळशाच्या पारंपरिक भट्टीत, हिवाळ्यात अगदी थोड्या प्रमाणात बनते आणि ते तलवार घडवणाऱ्या कारागिरांकडे जाते. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांचे पोलाद कारखान्यात बनते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. शिमानेमधल्याच यासुगी गावातील कारखान्याची पोलादे जगभर नावाजलेली आहेत. शिरोगामी म्हणजे पांढरा कागद आणि आओगामी म्हणजे निळा कागद ही त्यांची नावे पोलादाच्या रंगावरून आलेली नाहीत. कारखान्यातून निघताना त्यांना ज्या रंगाच्या कागदाची खूण असे, त्यावरून ती पडली. शिरोगामी हे जवळजवळ निव्वळ लोह आणि कर्ब यांचे पोलाद आहे. त्याला दगडावर धार पटकन चढते आणि ती फार तलम असते. आओगामीत टंगस्टन आणि थोडे क्रोमियम मिसळलेले असते, त्यामुळे धार अधिक टिकते, पण लावायला थोडा जास्त वेळ लागतो. ही दोन्ही गंजतात. न गंजणाऱ्यांपैकी व्हीजी-१० हे एचिझेन भागातले पोलाद सर्वांत जास्त दिसते. त्यात सुमारे १५ टक्के क्रोमियम असते. गिनसान हे यासुगीचे स्टेनलेस पोलाद मला व्यक्तिशः त्याहून आवडते, कारण दगडावर ते साध्या पोलादासारखे वागते.

गावे

सुरी कोणत्या गावची, हा प्रश्न जपानमध्ये आपल्याकडच्या पैठणीसारखाच विचारला जातो. ओसाकाजवळचे साकाई हे त्यातले सर्वांत मानाचे नाव. पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात तंबाखू जपानमध्ये आली, तिची पाने बारीक कातरण्यासाठी सुऱ्या हव्या झाल्या, आणि त्या साकाईच्या लोहारांनी इतक्या चांगल्या बनवल्या, की पुढे एडो काळातील शासनाने त्यांच्यावर दर्जाची मोहोर उठवून त्यांच्या विक्रीचा विशेषाधिकार दिला. साकाईत आजही एक सुरी एकाच माणसाच्या हातून पूर्ण होत नाही. घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. धार काढणाऱ्याचे काम घडवणाऱ्याच्या कामाइतकेच मोलाचे मानले जाते, आणि पात्यावर कोरलेले नाव बहुधा या दोघांपैकी कोणाचेच नसून या सर्वांकडून काम करवून घेणाऱ्या व्यापाऱ्याचे असते. दुकानदाराला घडवणाऱ्याचे आणि धार काढणाऱ्याचे अशी दोन्ही नावे विचारली, तर गिऱ्हाईक जाणकार आहे हे त्याच्या लगेच लक्षात येते आणि बोलण्याचा सूर बदलतो.

फुकुई प्रांतातील एचिझेनची परंपरा १३३७ सालापर्यंत मागे नेली जाते. क्योतोहून आलेल्या चियोझुरू कुनियासू नावाच्या तलवारकाराने तिथल्या शेतकऱ्यांसाठी विळे घडवले, अशी ती कथा आहे. आज तिथे ताकेफू नाइफ व्हिलेज नावाची सामाईक कार्यशाळा आहे आणि पाहुण्यांना तिथले काम पाहता येते. गिफू प्रांतातील सेकी हे तलवारींचे जुने गाव आता कारखान्यात बनणाऱ्या सुऱ्यांचे मोठे केंद्र आहे, तर निइगाता प्रांतातील त्सुबामे आणि सान्जो या जोडगावांत हातकाम आणि कारखाना दोन्ही शेजारी नांदतात. १८७६ मध्ये मेइजी सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यावर बंदी घातली तेव्हा तलवारींची मागणी आटली आणि अनेक कारागीर सुऱ्या, कात्र्या, विळे यांच्याकडे वळले, हे यातल्या बऱ्याच गावांच्या इतिहासाचे एक समान पान आहे.

आपल्या घराला कोणती

दुकानात भिंतभर सुऱ्या मांडलेल्या दिसल्या, की घाबरून जायला होते. पण त्यातल्या बहुतेक व्यवसायाने स्वयंपाक करणाऱ्यांसाठी असतात. कच्च्या माशाचे तलम काप काढणारी लांब, निमुळती यानागिबा, म्हणजे विलो झाडाच्या पानाच्या आकाराची सुरी, किंवा मुळा हातात फिरवत त्याचा सलग कागदासारखा पातळ पडदा सोलणारी उसुबा, या एकाच बाजूने धार असलेल्या सुऱ्या आहेत. त्या कापताना एका अंगाला ओढ घेतात आणि त्यांच्यावर हात बसायला वर्षे लागतात. त्या पाहाव्यात, हातात घेऊन न्याहाळाव्यात, पण पहिली सुरी म्हणून विकत घेऊ नयेत. डावखुऱ्यांसाठी अशा सुऱ्या उलट्या बनवून घ्याव्या लागतात आणि त्यांना जास्त पैसे पडतात, हेही लक्षात ठेवावे.

आपल्या घरांसाठी खरी निवड तिघींमधून करायची असते. मेइजी काळात जपानमध्ये गोमांस खाण्यावरचे निर्बंध उठले आणि पाश्चात्त्य पद्धतीची शेफची सुरी आली. तिच्यावरून घडलेली ग्यूतो, शब्दशः ‘गाय-सुरी’, ही लांब आणि टोकदार असते, आणि सर्व कामांना चालते. दुसऱ्या महायुद्धानंतर घराघरांत पसरलेली सान्तोकु, म्हणजे तीन गुणांची, ही त्याहून आखूड, साधारण १६५ ते १८० मिलिमीटर पात्याची आणि भाजी, मासे, मांस तिन्हींना उपयोगी असते. नाकिरी ही निव्वळ भाजीची सुरी. तिचे पाते आयताकृती असते, धार जवळजवळ सरळ असते आणि टोक नसते. महाराष्ट्रातल्या ज्या घरात रोज दोन भाज्या, कोशिंबीर आणि मूठभर कोथिंबीर चिरली जाते त्या घरासाठी माझे मत निःशंकपणे १६५ मिलिमीटरच्या नाकिरीला आहे. सरळ धार संपूर्ण पाटाला टेकते, त्यामुळे मेथीचे किंवा कोबीचे काप अर्धवट जोडलेले राहत नाहीत, आणि रुंद पात्यावर चिरलेली भाजी उचलून थेट कढईत टाकता येते. तिच्या जोडीला १२० ते १५० मिलिमीटरची छोटी सुरी, जिला जपानी लोक पेटी म्हणतात, घेतली की फळे सोलणे, मिरच्यांना चीर देणे अशी कामे भागतात. दोन सुऱ्यांवर संसार होतो.

ज्यांना विळीची सवय आहे त्यांना एक बदल अंगवळणी पाडावा लागतो. विळीवर पाते स्थिर असते आणि भाजी हलते. इथे भाजी स्थिर आणि सुरी हलते, आणि ती खाली दाबायची नसून पुढे ढकलत किंवा मागे ओढत न्यायची असते. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत पात्याची मुळाकडची बाजू धरावी, उरलेली तीन बोटे मुठीवर ठेवावीत. मूठ कुऱ्हाडीसारखी आवळून धरली की हात लवकर दुखतो आणि काप तिरके पडतात.

विळी मात्र काढून टाकू नका. नारळ फोडणे, सुरण, फणस, लाल भोपळ्याचे कडक देठ, गोठलेले पदार्थ आणि हाडे ही कामे जपानी सुरीची नाहीत. सुरमईच्या तुकड्या करायला कोळणीकडचा कोयताच योग्य. देबा नावाची जाड पाठीची जपानी मासळीची सुरी बांगड्याचे डोके उडवून काट्यापासून मांस सोडवते, पण मोठ्या माशाच्या कण्यावर तिला घाव घालायला लावले तर तिच्याही धारेचा तुकडा निघतो.

गंजणारे की न गंजणारे

साध्या पोलादाची सुरी पहिल्या आठवड्यात रंग बदलू लागते. कांदा चिरला की पात्यावर तपकिरी छटा येते, कैरी किंवा लिंबू चिरले की काही सेकंदांत काळसर डाग पडतो, आणि नवीन असताना कांद्यालाही थोडा काळपटपणा आणि लोखंडी वास लागू शकतो. यातून हळूहळू जी निळसर करडी झाक पात्यावर बसते ती सुरीचे रक्षण करते. ती घासून काढू नये. नारिंगी रंगाचा, बोटाला खरखरीत लागणारा गंज हा मात्र वेगळा प्रकार आहे आणि तो दिसताच काढावा लागतो. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात ओली सुरी एक रात्र ओट्यावर राहिली, तरी सकाळी असे ठिपके उमटलेले सापडतात.

मला साधे पोलाद आवडते, आणि पावसाळ्यातही मी तेच वापरते. पण ज्या स्वयंपाकघरात चार माणसांचे हात फिरतात आणि सुरी धुऊन लगेच पुसली जाईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही, तिथे मी गिनसान किंवा व्हीजी-१० च सुचवते. मधला मार्गही आहे. गाभ्याला आओगामी किंवा शिरोगामी आणि बाहेरून स्टेनलेसचे थर असलेली सुरी घेतली, की फक्त धारेलगतची काही मिलिमीटरची पट्टी सांभाळावी लागते.

दुकानात काय पाहावे

पुण्यात जपानी शिकून दुभाषाचे काम करणारे आमच्यासारखे बरेच लोक आहेत, आणि कामानिमित्त जपानला गेले की एक फेरी टोकियोतल्या काप्पाबाशी या रस्त्यावर होतेच. उएनो आणि आसाकुसा यांच्या मधल्या या सुमारे ८०० मीटरच्या रस्त्यावर स्वयंपाकघराचे सर्व काही मिळते, आणि कोपऱ्यावरच्या इमारतीच्या डोक्यावर बसवलेला आचाऱ्याचा प्रचंड पुतळा दिसला, की आपण योग्य ठिकाणी आलो हे कळते. ओसाकात दोगुयासुजी हा असाच बाजार आहे, आणि क्योतोच्या निशिकी बाजारात १५६० साली सुरू झालेले आरित्सुगू हे दुकान आहे. सुरी हातात घेण्यापूर्वी विचारावे, पाते बोटांनी चाचपू नये, आणि घाई करू नये.

सर्वप्रथम नक्षीकडे पाहणे बंद करावे. पात्यावरच्या लाटांच्या नक्षीला जपानीत सुमिनागाशी म्हणतात. पाण्यावर तरंगणाऱ्या शाईच्या रेषा हा त्याचा अर्थ. बाजारात मात्र तिला दमास्कस म्हणतात. दमास्कसच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या मूळ पात्यांचे पोलाद दक्षिण भारतात मुशीत वितळवून बनत असे आणि त्याची नक्षी पोलादाच्या पोटातून येत असे. इथली नक्षी मऊ थर एकमेकांवर घडी घालून जोडल्याने उमटते. ती सुंदर असते, पण कापण्याशी तिचा संबंध नाही, कारण कापणारा गाभा तिच्या आतला असतो. त्याच किमतीत नक्षी नसलेली सुरी घेतली तर बहुधा धार काढण्याचे काम अधिक चांगले मिळते.

मग सुरी उभी धरून टाचेच्या, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकाच्या, बाजूने तिच्याकडे पाहावे. पाठीकडून धारेकडे पाते कसे निमुळते होत जाते, हे इथे स्पष्ट दिसते. हा उतार सलग असावा आणि धारेच्या वरचा भाग पातळ असावा. धारेच्या मागे पाते जाड राहिले असेल तर ती सुरी कितीही धारदार असली, तरी गाजर कापताना पाचरीसारखी अडकते आणि गाजराचा तुकडा कट्ट असा आवाज करून तुटतो. नंतर सुरी उजेडाच्या दिशेने धरून टोकाकडे एका डोळ्याने पाहावे. पाठ आणि धार दोन्ही सरळ रेषेत हव्यात. पाट समजून ती एखाद्या सपाट जागेवर हलकेच टेकवू द्यावी अशी दुकानदाराला विनंती करावी. धारेखालून उजेडाची फट दिसली, तर धारेत खळगा आहे आणि तिथे कोथिंबीर चिरली जाणार नाही. पाठीच्या आणि टाचेच्या कडा गोलसर घासलेल्या आहेत का, हे तर्जनीने तपासावे. चिमटीत धरल्यावर याच कडा बोटाला टोचतात, आणि त्या घासायला कारागिराने वेळ दिला असेल तर बाकीच्या कामातही दिला असण्याची शक्यता मोठी असते. जपानी पद्धतीची लाकडी मूठ हलकी असते. ‘हो’ नावाच्या जपानी मॅग्नोलिया झाडाच्या लाकडाच्या मुठीला म्हशीच्या शिंगाचे कडे बसवलेले असते आणि ती जुनी झाली की बदलता येते. जिथे पाते मुठीत शिरते तिथे फट असल्यास पाणी आत जाऊन पोलाद आतून गंजते.

किमतीचा साधारण अंदाज असा धरावा, की जपानमध्ये कारखान्यात बनलेली प्रामाणिक सुरी ८ ते १५ हजार येनमध्ये आणि हातकामाची चांगली सुरी २० ते ४० हजार येनमध्ये मिळते. त्यापुढे वाढणारा पैसा बहुतांशी रूपाला आणि नावाला जातो. त्सुबामेच्या तोजिरोची किंवा सेकीच्या मिसोनोची साधी सुरी नवशिक्याला वर्षानुवर्षे पुरते. बरीच दुकाने पात्यावर आपले नाव काताकाना लिपीत कोरून देतात. छिन्नीच्या बारीक ठोक्यांनी ते समोर उमटताना पाहणे हा मोठा आनंद आहे. बांधलेली सुरी हॉटेलवर पोहोचेपर्यंत उघडू नये, कारण योग्य कारणाशिवाय ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पाते बाळगणे जपानी कायद्याने गुन्हा आहे, आणि विमानात ती फक्त चेक-इन सामानातच ठेवावी.

भारतात बसून ऑनलाइन घेणाऱ्यांनी जास्त सावध राहावे. जपानी वाटणारे नाव, चकचकीत लाटांची नक्षी आणि अर्ध्याहून कमी केलेली किंमत असे तिन्ही एकत्र दिसले, की ती सुरी जपानची नसण्याचीच शक्यता अधिक. पोलादाचे नाव, बनवण्याचे गाव आणि कठीणपणाचा आकडा विक्रेता सांगत नसेल तर पुढे जाऊ नये. छायाचित्रात नक्षी अगदी धारेच्या कडेपर्यंत गेलेली दिसली तर ती वरून कोरलेली समजावी. खऱ्या थरांच्या सुरीत नक्षी धारेच्या थोडी वरच थांबते आणि तिथून गाभ्याच्या पोलादाची वेगळी पट्टी सुरू होते.

दगडावर

माझी पहिली नाकिरी बोथट झाली तेव्हा मी ती गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडे दिली होती. सायकलच्या चाकावर फिरणाऱ्या त्याच्या कोरड्या दगडाला पाते टेकले, ठिणग्यांचा पिसारा उडाला, आणि सुरी परत आली तेव्हा धारेलगत निळसर जांभळी रेघ उमटलेली होती. पोलाद ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापले की असा निळा रंग येतो, आणि इतक्या उष्णतेने पात्याचे पाणी उतरते. त्या माणसाचा दोष नव्हता. कोयत्याला आणि विळीला त्याचा दगड योग्यच आहे. माझ्या सुरीचा तेवढा भाग पुढे वर्षभर घासून घालवावा लागला, आणि त्या काळात मी दगडावर धार लावायला शिकले.

दगडाचा क्रमांक जितका मोठा तितका तो बारीक. सुरुवातीला १००० क्रमांकाचा एक कृत्रिम दगड पुरतो. हात बसल्यावर ३००० ते ६००० मधला एक घ्यावा. काही दगड १० ते १५ मिनिटे पाण्यात भिजवावे लागतात, काहींवर नुसते पाणी शिंपडायचे असते. विक्रेत्याकडून हे नक्की करून घ्यावे, कारण न भिजवायचा दगड भिजत ठेवला तर तो तडकू शकतो. ओल्या फडक्यावर दगड ठेवला की तो सरकत नाही. कोन कसा साधायचा, ही सर्वांची अडचण असते. पाते ४५ मिलिमीटर रुंद असेल तर १५ अंशांसाठी पाठ दगडापासून साधारण १२ मिलिमीटर उंच हवी, म्हणजे करंगळीच्या टोकाच्या जाडीएवढी. सुरुवात करण्यापूर्वी धारेवर मार्करने रेघ ओढावी आणि चार हात फिरवून पाहावे. रेघ फक्त वरच्या बाजूने पुसली गेली तर पाठ उचलायला हवी, फक्त अगदी कडेलाच पुसली गेली तर पाठ खाली आणायला हवी.

डाव्या हाताची दोन बोटे धारेच्या जवळ ठेवून, त्यांच्या खालचाच भाग दगडावर घासला जातो आहे असे समजून, पुढे मागे सावकाश हात फिरवावा. काही मिनिटांनी पात्याच्या दुसऱ्या बाजूने, पाठीकडून धारेच्या दिशेने अंगठा हलकेच नेल्यास एक सूक्ष्म खरखरीत कड बोटाला अडते. ही कड टाचेपासून टोकापर्यंत अखंड जाणवली, म्हणजे ती बाजू पूर्ण झाली. ती जाणवण्याआधी बाजू बदलणे ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक आहे, आणि तासभर घासूनही धार येत नाही अशी तक्रार बहुधा इथूनच निघते. कड लागली की दुसरी बाजू करावी, शेवटी दोन्ही बाजूंनी अगदी हलक्या हाताने आलटून पालटून ती कड काढून टाकावी आणि घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर पाते पाठीच्या दिशेने चार वेळा ओढावे. दगडावर जमणारा करडा चिखल मध्येच धुऊ नये, तोच पोलाद झिजवत असतो. दगड मधोमध खोलगट झाला की तो हिऱ्याच्या चपट्या पट्टीवर घासून सपाट करावा. युरोपीय सुऱ्यांबरोबर येणारी लोखंडी कांब जपानी सुरीवर मुळीच वापरू नये, कारण तिने कठीण धारेचे कण उडतात.

धार आली की नाही हे पाहण्यासाठी कागद कापण्यापेक्षा कोथिंबीर चिरावी आणि मग पाटाकडे पाहावे. बोथट सुरी पाने चेंगरते आणि पाटावर हिरवा रस पसरतो, तर चांगल्या धारेने चिरल्यावर पाट जवळजवळ कोरडा राहतो आणि चिरलेली कोथिंबीर दुसऱ्या दिवशीही काळी पडत नाही. काकडीची चकती उजेडात धरली तर तिचा पृष्ठभाग काचेसारखा चमकतो. कांदा डोळ्यांना कमी झोंबतो, कारण त्याच्या पेशी कमी फुटतात. सुरीची पारख अशी कापलेल्या वस्तूवरून करायला शिकले, की पात्याकडे पाहण्याची नजरही बदलते. दगडावरून उतरलेल्या पात्यावर मऊ लोखंड धुक्यासारखे फिके दिसते, कठीण पोलाद आरशासारखे उजळते, आणि दोन्हींच्या मधली रेषा सलग पण हाताने ओढल्यासारखी किंचित हलती असते.

रोजची निगा

पाट लाकडाचा किंवा मऊ प्लास्टिकचा असावा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर, स्टीलच्या ताटात किंवा काचेच्या पाटावर एकदा चिरले तरी महिन्याभराची धार जाते. चिरलेली भाजी बाजूला सारताना धारेने ओढू नये, सुरी उलटी करून पाठीने सारावी. काम झाले की लगेच धुऊन, पाठीकडून धारेकडे फडके नेत पुसून, काही मिनिटे मोकळी ठेवावी. भांड्यांच्या ढिगात आणि डिशवॉशरमध्ये ती कधीही जाऊ देऊ नये. घरकामाला येणाऱ्या ताईंना हे एकदा नीट समजावून सांगावे, आणि त्याहून बरे म्हणजे ही एक वस्तू आपणच धुवावी. गंजाचा ठिपका दिसल्यास खाण्याचा सोडा आणि बाटलीचे बूच यांनी तो निघतो. बरेच दिवस वापरायची नसेल तर जपानमध्ये कॅमेलियाच्या बियांचे तेल पुसतात. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन चालते, पण शेंगदाण्याचे तेल लावू नये, ते चिकट होऊन बसते.

खंडेनवमीला विळी, अडकित्ता आणि अवजारे पूजेला मांडली जातात तेव्हा माझ्या दोन्ही सुऱ्याही त्यांच्या शेजारी असतात. आदल्या दिवशी त्यांना दगडावर धार लावून ठेवते. हळदकुंकू मात्र मुठीला लावते, कारण ओले कुंकू रात्रभर साध्या पोलादाच्या पात्यावर राहिले तर दसऱ्याच्या सकाळी त्याच्या खाली गंजाचा टिळा उमटलेला असतो.